पिंग : जाळ्यातली हाक

घरच्या संगणकावरचा ब्राउझर ‘जोडणी होत नाही’ एवढेच सांगतो. दोष संगणकात आहे, राउटरमध्ये की बाहेरच्या जाळ्यात, हे आपल्याला शोधावे लागते. या शोधाचे एक साधन ब्राउझरच्याही आधीचे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतले जाळे विचित्र वागू लागले, तेव्हा माइक म्यूस यांनी एका संध्याकाळी ‘पिंग’ हा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीतले सोनार यंत्र ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, त्या आवाजावरून हे नाव आले. पिंग दुसऱ्या संगणकाला छोटा संदेश पाठवतो आणि उत्तराला लागलेला वेळ मोजतो.

आपणही पायरीपायरीने जाऊ. आधी राउटरला हाक द्यायची, मग बाहेरच्या एखाद्या संगणकाला अंकी पत्त्याने, शेवटी नावाने. अंकी पत्त्यावरून उत्तर आले, पण नाव ओळखले गेले नाही, तर वाट शाबूत आहे. नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा अडली आहे.

मात्र काही संगणक मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर हा वाट मोकळी असल्याचा पुरावा असतो. मौन हा ती बंद असल्याचा पुरावा नव्हे. प्रयोगवहीत ‘नाही’ लिहिण्याआधी हा फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवा.