पालकाचा रकाना

तीन वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात गेलो होतो, तो १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी टिपून घ्यायला. त्या वर्षी रोजगाराच्या कामावर खडी फोडलेल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतल्या एका आजीने बोलता बोलता उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यातला घडी पडून फाटायला आलेला कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लेका, वाचून दाखव. ह्यात माझं काय ऱ्हायलंय?"

ते बक्षीसपत्र होते. दोन एकर जमीन मुलाच्या नावे, 'प्रेमापोटी व स्वखुशीने'. आजीला जेवू घालण्याबद्दल, औषधपाण्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मी तसे सांगितले. तिने कागद परत घडी घालून पिशवीत ठेवला आणि खडीच्या कामाची गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली.

निघताना कार्यालयात प्रवेश-अर्जाचा छापील नमुना पाहिला. त्यात एक रकाना होता, 'पालकाचे नाव'. आजीच्या अर्जावर तिथे मुलाचे नाव होते. खाली नियम होता : पालकाच्या लेखी परवानगीशिवाय आश्रमाबाहेर जाता येणार नाही. ज्याला हिने पाळले, तो हिचा पालक कधी झाला? कोणत्या कायद्याने? दुष्काळाचे टिपण बाजूला राहिले आणि मी या प्रश्नामागे लागलो.

या प्रश्नाचा इतिहास आमच्या उंबऱ्याशीच सुरू होतो. उमरग्याहून पूर्वेला गेले की बसवकल्याण लागते. तेच चालुक्यांचे कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका तिथे लिहिली. पुढे इंग्रजी न्यायालयांनी देशाच्या बहुतेक भागांत हिंदूंच्या वारसाहक्कासाठी हाच ग्रंथ प्रमाण धरला. वृद्ध आई-वडील, पत्नी आणि लहान मूल यांना काहीही करून पोसलेच पाहिजे, हे मनूच्या नावावर सांगितले जाणारे वचन या परंपरेत मान्य होते. त्यावरून न्यायालयांनी असा सिद्धान्त बसवला की वृद्ध आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलावर व्यक्तिशः असते, बापाकडून जमीन मिळो वा न मिळो. आज गावोगाव ऐकू येणारा 'मला वाट्याला आलंच काय, मग मी का सांभाळू' हा युक्तिवाद कल्याणीच्या पंडिताला मान्य झाला नसता.

मात्र दिवाणी दावा लावून आईने मुलाकडून भाकरी मिळवायची, तर तोवर भूक थांबत नाही. झटपट दाद फौजदारी न्यायालयात मिळे, पण १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती फक्त बायको आणि मुलांसाठी होती. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध, अशक्त पालकांचा भार मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकला, तोही हिंदूंपुरता आणि दिवाणी वाटेनेच. १९७३च्या नव्या संहितेतील कलम १२५ मध्ये आई-वडिलांचे नाव प्रथमच आले, सर्व धर्मांच्या. रकमेला मर्यादा होती महिना ५०० रुपये. ती उठायला २००१ साल उजाडले.

त्या कलमावरचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेला आहे. कल्याणमधल्या (हे ठाणे जिल्ह्यातले) एका विवाहित डॉक्टर मुलीकडे वडिलांनी पोटगी मागितली. कलमातला सर्वनामाचा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून मुलीवर बोजा पडत नाही, असा तिचा बचाव होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लग्न झाले म्हणून मुलगी वडिलांची मुलगी राहत नाही असे होत नाही, हा त्याचा आशय.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण कायदा, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. प्रांताधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरण, वकिलाची गरज नाही, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, महिना कमाल १०,००० रुपये. मूल नसेल तर मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकाकडून मागता येते. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अर्ज माणूस जिथे राहतो तिथेही करता येतो. म्हणजे आश्रमातल्या माणसाला गावी परतण्याची गरज नाही. आश्रम ज्या उपविभागात असेल तिथले कार्यालय चालते. स्वतःला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते.

कागदावर हे चोख आहे. पण हा कायदा मुलाच्या खिशात पैसे आहेत असे धरून चालतो. आमच्याकडे कळंब, भूम, वाशी, परांडा या भागांतून दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. मागे गावात म्हातारी माणसे राहतात, कधी सोबत शाळकरी नातवंडे. मुलाने आईला टाकले असे त्याला म्हणायचे का? उचल घेऊन कोयता हातात घेतलेल्या जोडप्यावर न्यायाधिकरणाने महिना पाच हजारांचा हुकूम केला, तर तो कुठून फेडायचा? आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर सास्तूर परिसरात ज्या म्हाताऱ्यांची लेकरेच ढिगाऱ्याखाली गेली, त्यांनी पोटगी कुणाला मागायची होती? त्यांच्यासाठी मुलाची जबाबदारी सांगणारे कलम ४ पुरेसे नाही. त्यांना कलम १९ लागते, आणि ते सरकारची जबाबदारी सांगते.

निराधार वृद्धांना संस्थेत ठेवण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी उभे राहिलेले घर आज 'निवारा' म्हणून ओळखले जाते. राज्य सरकारने १९६३ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन वृद्धाश्रम चालवण्याची योजना आणली, १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची. या सर्व काळात आश्रमातली जागा म्हणजे दया किंवा योजना होती. जागा मिळाली तर उपकार मानायचे, नाही मिळाली तर दाद नाही.

२००७च्या कायद्याने हे बदलेल असे वाटले होते. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, किमान १५० निर्धन वृद्धांची सोय, असे कलम १९ म्हणते. पण वाक्याचे क्रियापद पाहा. राज्य सरकार असे आश्रम स्थापन 'करील' असे तिथे नाही. 'करू शकेल' असे आहे. मुलाच्या बाबतीत बंधन, सरकारच्या बाबतीत मुभा. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी अश्वनी कुमार प्रकरणात देशभरातल्या वृद्धाश्रमांची जिल्हावार माहिती गोळा करायला केंद्राला सांगितले. कायदा होऊन अकरा वर्षे लोटल्यावर न्यायालयाला आधी आकडेच मागावे लागले, यातच सारे आले. ज्येष्ठांच्या सेवा-संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही बुडाले.

शेजारी एक वेगळा प्रयोग झाला. लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. तिथल्या जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव केला की जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही त्याचा ३० टक्के पगार कापून त्यांच्या खात्यात भरायचा. काहींचे पगार कापले गेले, काहींनी घरात समझोता केला. आसामने २०१७ मध्ये सरकारी नोकरांसाठी असा कायदाच केला होता. उपाय परिणामकारक खरा, पण तो पगारपत्रकावर नाव असलेल्यांपुरता. कोयत्याला पगारपत्रक नसते.

आता त्या रकान्याकडे येतो. आश्रमाच्या आत माणसाचे हक्क काय? सज्ञान आणि भान शाबूत असलेल्या आईचा मुलगा 'पालक' होतो, असे सांगणारा कायदा मला सापडला नाही. आश्रमात आल्याने तिचे नागरिकत्व दाराबाहेर राहत नाही. ती पाहिजे तेव्हा बाहेर जाऊ शकते, आश्रम सोडू शकते. बँकेचे पासबुक आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे तिचे आहेत. नेहमीच्या वास्तव्याच्या पत्त्यावर, म्हणजे आश्रमाच्या पत्त्यावर, तिला मतदार होता येते. कायद्याखाली केंद्राने राज्यांपुढे जे आदर्श नियम ठेवले, त्यांत झोपण्याच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर जागा सांगितली आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आश्रमाच्या व्यवस्थापन समितीत तिथे राहणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत असे त्यांत आहे. हे नियम सरकारी आश्रम डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. देणगीवर चालणाऱ्या आश्रमाला ते अडवत नाहीत, पण वाटही दाखवतात.

मी पुन्हा त्या आश्रमात गेलो. बक्षीसपत्राबद्दल जे सापडले ते आजीला सांगायचे होते. सांभाळण्याची अट घालून दिलेली मालमत्ता, अट मोडली तर कलम २३ खाली परत मिळू शकते. २०२२च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे. २ जानेवारी २०२५च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने उदार अर्थ लावून आईची मालमत्ता परत दिली, पण तिथे मुलाने सांभाळण्याचे वचनपत्र लिहून दिले होते. आजीच्या पिशवीत तसे काही नव्हते. उरला पोटगीचा अर्ज. मी नमुना घेऊनच गेलो होतो.

"लेकरावर अर्ज करू व्हय?" ती म्हणाली. "तेचंच भागंना." मी नमुना परत पिशवीत ठेवला. तिला हवे होते वेगळेच. अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरला जायचे होते आणि मुलाची सही येत नव्हती.

व्यवस्थापकांशी बोललो. ते वाईट माणूस नव्हेत. "वाटेत काही झालं तर जबाब मी देणार, तुम्ही नाही," असे ते म्हणाले, आणि त्यांचेही खोटे नव्हते. दोन तास चर्चा झाली. शेवटी आजीने स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याचे लिहून अंगठा दिला, सोबत आश्रमातलीच दुसरी एक बाई गेली. पुढच्या छपाईत अर्जाचा रकाना बदलला. आता तिथे 'संपर्कासाठी नातेवाईक' असे आहे.

जमीन काही परत आली नाही. वाचकांपैकी कुणी या दिवाळीत आई-वडिलांकडून बक्षीसपत्र करून घेत असेल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' एवढे शब्द त्यात लिहायला लावावेत. त्याला जास्तीचा खर्च येत नाही.