बाथरूमच्या फरशीला भेगा पडल्यात? घरच्या घरी काय करता येईल?

खालच्या मजल्यावरचे शेजारी छताला ओल आल्याची तक्रार घेऊन आले, की बहुतेक जण व्हाइट सिमेंट आणून सांधे भरतात. पण ते सुकताना आकसतं आणि फरशी अ‍ॅसिडने धुतली की झिजतं. त्याऐवजी इपॉक्सी ग्राउट वापरा.

आधी टाइल्सवर नाणं वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर टाइल सुटलीये; तिथे मिस्त्रीच हवा. आवाज भरीव असेल तर सांध्यातला जुना माल स्क्रेपरने खरवडून काढा, धूळ झाडा आणि फरशी पूर्ण सुकू द्या. एकच बाथरूम असलेल्या घरात हेच सगळ्यात अवघड काम! ओल्या सांध्यात इपॉक्सी नीट चिकटत नाही. रेझिन, हार्डनर आणि फिलर पाकिटावरच्या प्रमाणातच आणि थोडं थोडं कालवा, कारण ते पटकन घट्ट होतं. हातमोजे घाला. रबरी पट्टीने सांध्यात दाबून भरा आणि वर राहिलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन सीलंट लावा. किमान २४ तास पाणी नको.

नंतर शेजाऱ्यांना सांगून न्हाणी ट्रॅप बंद करा, इंचभर पाणी साठवा आणि दिवसभर थांबा. खाली पुन्हा ओल आली तर दोष बहुधा वॉटरप्रूफिंगचा किंवा पाइपचा. मग फरशी फोडावी लागू शकते. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार टॉयलेट-सिंकमधून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सदस्याचाच.