बालगृहाचा विस्तार (गोवा)

बालगृहाचा विस्तार : छळ, शोषण किंवा हेळसांड सोसलेल्या मुलांच्या निवासी संस्थेत जागा, माणसे व सेवा वाढवणे. अशी संस्था बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 खाली नोंदवावी लागते आणि मुलाला तेथे ठेवण्याचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. गोव्यात सरकारी गृह म्हणजे मेरशीचे ‘अपना घर’; फोंड्याची मातृछाया, बार्देशातील एल शद्दाय अशा न्यासांची गृहेही आहेत. विस्ताराचा विषय निघाला की बहुधा खाटा मोजल्या जातात. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांपुरते पाहिले तर हे माप चुकीचे आहे. तेथील मुलांना मेरशी ज्या तालुक्यात आहे त्या तिसवाडीत आणखी एक मजला नको, त्यांच्याच तालुक्यात लहान गृह हवे.

पेडण्यात मोपा विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर पर्यटन त्याआधीच पसरले होते आणि बांधकामांवर परप्रांतीय मजुरांची कुटुंबे राहू लागली होती. डिचोलीच्या खाणी 2012 मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 मध्ये परत बंद पडल्या. काम गेले म्हणून बाप मुलाला मारतो, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. पण आईवडील दिवसभर बाहेर आणि नात्याचे कोणी जवळ नाही, अशा घरात मुलाचे काय चालले आहे हे उशिरा कळते, आणि कळते तेव्हा मूल घराबाहेर काढण्यावाचून मार्ग उरलेला नसतो. कायद्याप्रमाणे त्याला 24 तासांत समितीपुढे आणायचे असते. चौकशीला चार महिन्यांपर्यंत मुदत आहे. एवढा काळ मूल तालुक्याबाहेर राहिले तर त्याची शाळा तुटते. या दोन्ही तालुक्यांत मराठी प्राथमिक शाळांची मुळे खोल आहेत, आणि ओळखीची बाई, ओळखीचा वर्ग हा अशा मुलाचा कित्येकदा शेवटचा आधार असतो. शिवाय ज्या मावशीकडे किंवा आजीकडे ते उद्या सुरक्षित राहू शकेल, तिला भेटीसाठी रोज बुडवून बस बदलत यावे लागते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तत्त्व कायद्यानेच सांगितले आहे. मग परतीची वाट मोकळी ठेवणे हेही संस्थेचेच काम ठरते.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आहे. 25 मुलांमागे 1000 चौरस फूट शयनकक्ष आणि समुपदेशनासाठी 120 चौरस फुटांची खोली, असे मापदंड नियमांत आहेत; ते दोन ठिकाणी पाळणे महाग पडेल हे खरेच. तज्ज्ञही बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि मनोपचार संस्थेत एकवटले आहेत. मात्र तज्ज्ञाने आठवड्यातून एकदा डिचोलीला जाणे हे मुलाने महिनोन्‌महिने गावापासून तुटण्यापेक्षा स्वस्त आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जवळच्या गृहात अत्याचार करणाराही पोहोचू शकतो, आणि छोट्या गावात मूल कोणाचे हे झाकून राहत नाही. जेथे आरोपी घरातलाच किंवा शेजारचा आहे, तेथे मूल दूर ठेवणेच योग्य; मेरशीसारख्या गृहाची गरज म्हणूनच संपणार नाही. हेळसांडीच्या प्रकरणांत मात्र, जेथे भेटणारे नातलग सुरक्षित आहेत, तोच नियम सरसकट लावणे बरोबर नाही.

लहान गृह म्हणजे सुरक्षित गृह, असेही मानू नये. मडगावात फ्रेडी पीट्स अनाथ मुलांचे गृह चालवत होता. 1991 मध्ये त्याला अटक झाली आणि 1996 मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठी त्याला जन्मठेप झाली. त्या प्रकरणाच्या हादऱ्यानंतर काही वर्षांनी गोवा बाल अधिनियम, 2003 आला. पीट्सच्या गृहात खाटांची उणीव नव्हती, बाहेरून आत पाहणारे डोळे नव्हते. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी यावे, तिच्यात एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, हे 2015 च्या कायद्याचे बंधन म्हणून खाटेच्या आधी मोजायला हवे. त्यानंतर प्रशिक्षित गृहमाता, आणि मग इमारत. सुरुवातीला नवे बांधकामही लागत नाही: कलम 51 प्रमाणे चालू असलेली सुयोग्य संस्था पारखून तिला तात्पुरती जबाबदारी घेण्यास मान्यता देता येते. पेडणे आणि डिचोली येथे प्रत्येकी एक अशी जागा निवडणे, आणि चौकशीच्या चार महिन्यांत मुलाची शाळा सुरू ठेवणे, हे विस्ताराचे पहिले काम आहे.