क्रीतानुशय

दुकानदाराच्या पावतीच्या तळाशीं ‘एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं’ असें एक वाक्य पुष्कळदां छापलेलें असतें. आपण तें वाचतों, अगर न वाचतांच पावतीची घडी खिशांत घालतों. आणि घरीं आल्यावर माल सदोष निघाला म्हणजे त्या वाक्यापुढें निमूटपणें मान तुकवितों. सूर्य पूर्वेस उगवतो, त्याचप्रमाणें विकलेला माल परत जात नाहीं, हा जणूं काय सृष्टीचाच नियम आहे अशी आपली समजूत झालेली असते. वस्तुतः हा नियम सृष्टीचा तर नव्हेच, पण न्यायाचाहि नव्हे. मालांतील दोषाचा भार विकणाऱ्यानें सोसावा कीं घेणाऱ्यानें, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे, आणि निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या समाजांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलेलीं आहेत. त्या उत्तरांचा इतिहास संक्षेपानें वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं राजानें निवाडा करावयाच्या तंट्यांचे अठरा वर्ग कल्पिले. त्यांस ‘व्यवहारपदें’ अशी संज्ञा आहे. मनूच्या गणनेंत त्यांपैकीं एक पद ‘क्रयविक्रयानुशय’ हें आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. वस्तु घेतल्यावर किंवा विकल्यावर ज्याला पश्चात्ताप झाला, त्यानें काय करावें, हा या पदाचा विषय. मनूनें घेणारा व विकणारा या दोघांसहि दहा दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्यांत घेणाऱ्यानें वस्तु परत द्यावी, विकणाऱ्यानें परत घ्यावी. दहा दिवसांनंतर मात्र जो असा आग्रह धरील त्याला सहाशें पण दंड सांगितला आहे. शिवाय एका मालांत दुसरा मिसळलेला, निःसत्त्व, मापांत कमी, दूर ठेवलेला किंवा झांकलेला असा माल विकूं नये, असाहि त्याचा दंडक आहे. यांतील शेवटचे दोन शब्द विचार करण्याजोगे आहेत. जो माल डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं, त्याच्या विक्रींत फसवणुकीला जागा असते, हें त्या काळींहि ओळखलेलें होतें.

नारदानें या एका पदाचीं दोन पदें केलीं. किंमत घेऊन माल न देणें, तें ‘विक्रीयासंप्रदान’. आणि माल घेतल्यावर तो पसंत न पडणें, तें ‘क्रीतानुशय’. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर माल न मिळाल्याची तक्रार एक आणि माल वाईट निघाल्याची तक्रार दुसरी, असा हा भेद आहे. नारदाच्या मतें खरेदी चुकली असें वाटल्यास वस्तु त्याच दिवशीं, जशीच्या तशी, परत करावी. दुसऱ्या दिवशीं परत केल्यास किंमतीचा तिसावा भाग सोडावा. तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. त्यानंतर ती वस्तु घेणाऱ्याचीच. याज्ञवल्क्यानें तर परीक्षेची मुदत वस्तूच्या जातीप्रमाणें ठरविली आहे. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. या आंकड्यांमागील विचार उघड आहे. लोखंडाची पारख एका दिवसांत होते. गाय दूध किती देते हें कळावयास चार वेळां धार काढावी लागते. बियाणें मात्र पेरून कोंब येईपर्यंत स्वतःविषयीं कांहींच सांगत नाहीं. दोष ज्या काळांत उघडकीस येऊं शकतो, तितका काळ घेणाऱ्याला मिळालाच पाहिजे, हें या नियमाचें सार होय.

कौटिल्याची दृष्टि राज्यकारभाराची असल्यामुळें त्यानें दंडावर अधिक भर दिला. माल विकून जो तो ताब्यांत देत नाहीं, त्याला बारा पण दंड. यांतून तीन कारणांनीं सुटका. मालांत दोष असल्यास. राजा, चोर, अग्नि किंवा पाणी यांचें विघ्न आल्यास. अथवा सौदा अगदींच गुणहीन किंवा संकटांत सांपडलेल्या माणसाकडून झालेला असल्यास. पश्चात्तापाची मुदत त्यानें वस्तूवरून न ठरवितां माणसाच्या धंद्यावरून ठरविली : व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन, गुराख्यांस पांच. ज्याला बाजाराची माहिती अधिक, त्याला मुदत कमी. आणि ज्याला ती कमी, त्याला सवलत जास्त, असा अर्थ यांतून निघतो असें आम्हांस वाटतें. दोन पक्ष कागदावर सारखे दिसले तरी बाजारांत ते सारखे नसतात, ही गोष्ट आधुनिक कायद्यानें मोठ्या प्रयासानें शिकलेली आहे.

तथापि हें वाचून प्राचीनांविषयींच्या अभिमानानें छाती फुगवून घेण्यापूर्वीं याज्ञवल्क्याची यादी शेवटपर्यंत वाचणें जरूर आहे. बियाणें, लोखंड, बैल, रत्नें यांच्याच रांगेंत त्यानें दासीला एक महिना आणि दासाला पंधरवडा अशी परीक्षेची मुदत दिली आहे. मिताक्षरेसारखा थोर ग्रंथ, जो अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकालांत कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास विज्ञानेश्वरानें रचिला आणि ज्याचा अधिकार महाराष्ट्रानें शतकानुशतकें मानिला, तो याच श्लोकावर शांतपणें भाष्य करतो. आणि ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असेंहि नाहीं. रोमच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘ईडाइल’ नामक अधिकाऱ्यांनीं जो जाहीरनामा काढला, तोच युरोपांतील सदोष मालाच्या कायद्याचा मूळ झरा. आणि तो निघाला गुलामांच्या व गुरांच्या बाजारासाठीं. विकावयाच्या गुलामास रोग आहे काय, त्याला पळून जाण्याची खोड आहे काय, हें विकणाऱ्यानें आधींच सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास सहा महिन्यांत सौदा मोडतां येई, आणि एक वर्षापर्यंत किंमत कमी करून मागतां येई. तेव्हां घेणाऱ्याचें रक्षण करणारा हा न्याय ज्या चव्हाट्यावर जन्मला, तेथें माणूसच माल म्हणून उभा होता. ग्राहकाचा हक्क हा माणसाचा हक्क होण्यास पुढें फार काळ जावा लागला.

इंग्लंडांत या प्रश्नाला अगदींच उलट उत्तर मिळालें. ‘घेणाऱ्यानें सावध असावें’ हें तेथील कायद्याचें ब्रीदवाक्य होतें. १६०३ सालचा चँडेलर विरुद्ध लोपस हा खटला या बाबतींत प्रसिद्ध आहे. जनावराच्या पोटांत सांपडणारा ‘बेझोअर’ नांवाचा खडा विषावर उतारा समजला जाई. एका सोनारानें आपल्याजवळचा खडा बेझोअर आहे असें सांगून तो शंभर पौंडांस विकला. पण तो बेझोअर नव्हता. न्यायालयानें असा निवाडा दिला कीं, ‘हा बेझोअर आहे’ असें नुसतें म्हणणें ही हमी नव्हे; हमी स्पष्ट शब्दांत दिलेली नसल्यास फिर्याद चालत नाहीं. म्हणजे सोनारानें शब्दाची कसरत संभाळली कीं त्याचें काम झालें! ज्या बाजारांत घेणारा व विकणारा समोरासमोर उभे राहून वस्तु हातांत घेऊन पाहत, तेथें हा नियम कसा तरी खपून जात असेल. आपल्याकडेहि जुनीं माणसें ‘सोनें पाहावें कसून’ असें म्हणत. परंतु कसोटी ज्याच्याजवळ आहे त्यालाच हा उपदेश उपयोगी.

एकोणिसाव्या शतकांत माल कारखान्यांत तयार होऊन गासड्यांत बांधून जहाजानें येऊं लागला, तेव्हां या नियमाचा फोलपणा व्यापाऱ्यांसच जाणवूं लागला. १८१५ सालीं गार्डिनर विरुद्ध ग्रे या खटल्यांत टाकाऊ रेशमाच्या बारा पोत्यांचा वाद निघाला. घेणाऱ्याला माल तपासण्याची संधीच नव्हती. त्या नांवानें बाजारांत चालेल असा तरी माल असलाच पाहिजे, कारण उकिरड्यावर टाकण्यासाठीं कोणी पैसे मोजीत नाहीं, अशा आशयाचा निर्णय लॉर्ड एलनबरो यांनीं दिला. अशा निवाड्यांची परंपरा वाढत गेली, आणि १८९३ सालच्या इंग्रजी मालविक्रीच्या कायद्यांत ती एकत्र ग्रथित झाली. आपल्याकडे हा विषय प्रथम १८७२ च्या करार कायद्याच्या सातव्या प्रकरणांत आला, आणि पुढें १९३० सालीं इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला. तो आजहि चालू आहे. त्याच्या सोळाव्या कलमाचा आरंभ जुन्या इंग्रजी वळणानेंच होतो. मालाच्या गुणाविषयीं सहसा गर्भित हमी नाहीं असें तो सांगतो. परंतु लागलीच अपवाद येतात. घेणाऱ्यानें आपला उपयोग सांगून विकणाऱ्याच्या कौशल्यावर भिस्त ठेवली असल्यास माल त्या उपयोगाचा असला पाहिजे. आणि त्या प्रकारचा माल विकणें हाच ज्याचा धंदा, त्याच्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारांत चालण्याजोगा असला पाहिजे. माल न दिल्यास नुकसानभरपाईची तरतूदहि याच कायद्यांत आहे.

एवढें होऊनहि एक भिंत उभीच होती. हमी ही करारांतून उत्पन्न होते. ज्याचा करार नाहीं त्यास हक्क नाहीं. १९२८ च्या आगस्टांत स्कॉटलंडांतील पेझली गांवीं एका उपाहारगृहांत श्रीमती डोनोह्यू यांना त्यांच्या मैत्रिणीनें जिंजर-बीअरची बाटली घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती. थोडें पेय पोटांत गेल्यावर उरलेलें ओततांना त्यांत कुजलेली गोगलगाय निघाली, असें त्यांचें म्हणणें होतें. पैसे दिले मैत्रिणीनें, बाटली विकली उपाहारगृहानें, आणि ती भरली कारखान्यानें. मग आजारी पडणाऱ्या बाईनें दाद मागावी कोणाकडे? १९३२ च्या मे महिन्यांत लॉर्डांच्या सभेनें तीन विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, मध्यें कोणी तपासूं शकणार नाहीं अशा रीतीनें माल बंद करून पाठविणारा कारखानदार अखेरच्या उपभोक्त्याबद्दलहि जबाबदार असतो. गोगलगाय खरोखर होती कीं नाहीं हें न्यायालयांत कधींच शाबीत झालें नाहीं. पण तिनें भिंत मात्र पाडली. मनूनें झांकलेल्या मालाविषयीं जी शंका घेतली होती, तिचेंच हें विसाव्या शतकांतील रूप होय.

आतां कायद्यानें हक्क दिला म्हणजे तो हातीं आला असें होत नाहीं. पांच रुपयांचें भांडें गळकें निघालें म्हणून दिवाणी न्यायालयाची पायरी कोण चढणार? वकिलाची फी, मुद्रांक, तारखांवर तारखा, यांच्या हिशेबांत भांडें केव्हांच विसरलें जातें. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे वजनेंमापें व बाजारभाव यांची देखरेख असे, आणि गिऱ्हाइकाला निदान तक्रार कोठें न्यावी हें ठाऊक असे. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं अन्नभेसळप्रतिबंधक कायदा झाला. पण सामान्य गिऱ्हाइकाला स्वतःच्या पायावर उभें करणारी चळवळ समाजांतूनच निघावी लागली, आणि तींत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. १९६६ सालीं मुंबईंत कांहीं स्त्रियांनीं पुढाकार घेऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची स्थापना केली, व पुढच्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं संघ करून माल एकत्र खरेदी करावा आणि आपसांत वांटून घ्यावा, ही तिची पद्धत. एकट्या गिऱ्हाइकाला जो व्यापारी दाद देत नाहीं, तो शंभर घरांच्या मागणीपुढें सभ्य होतो, हें तिनें दाखवून दिलें.

या सर्व प्रयत्नांची परिणति १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत झाली. त्याला २४ डिसेंबर रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानितात. जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्यांवर तक्रारींची स्वतंत्र व्यवस्था, वकिलावांचून स्वतः बोलण्याची मोकळीक, आणि दोष दुरुस्त करून देणें, माल बदलून देणें, किंमत परत करणें व भरपाई देणें असे सरळ उपाय, हें या कायद्याचें वैशिष्ट्य होतें. १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लखनौच्या एका प्रकरणांत सरकारी विकासमंडळाची घरबांधणीहि याच्या कक्षेंत आणिली, आणि १९९५ सालीं वैद्यकीय सेवेचाहि त्यांत समावेश केला.

त्याची जागा आतां २०१९ च्या कायद्यानें घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलांत आला आहे. ग्राहकाला आतां आपल्या राहत्या ठिकाणींच तक्रार दाखल करतां येते, आणि सदोष मालानें झालेल्या इजेबद्दल खुद्द उत्पादकालाहि जबाबदार धरतां येतें. पावती न देणें, आणि सदोष माल पावतींत लिहिलेल्या मुदतींत, किंवा मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्याचें नाकारणें, या दोन्ही गोष्टी या कायद्यानें अनुचित व्यापारप्रथा ठरविल्या आहेत. देण्याचा मनांत हेतु नसतां स्वस्त मालाची जाहिरात करणें हेंहि त्यांतच येतें. संगणकावरून होणाऱ्या विक्रीसाठीं २०२० सालीं केलेल्या नियमांत तर सदोष किंवा उशिरां पोंचलेला माल विक्रेत्यानें परत घेतलाच पाहिजे असें आहे. मात्र उशीर दैवी किंवा अनिवार्य आपत्तीमुळें झाला असल्यास सुटका आहे. कौटिल्याचे राजा, चोर, अग्नि आणि पाणी येथें नवा वेष घेऊन उभे आहेत, असें कोणास वाटल्यास त्यांत नवल नाहीं.

सारांश, नारदाचे तीन दिवस, मनूचे दहा आणि आजचे तीस, यांमध्यें ‘घेणाऱ्यानें सावध असावें’ या सूत्राचा जो काळ येऊन गेला, तोच अपवाद होय. पावतीच्या तळचें वाक्य त्या काळाचें उरलेलें शेपूट आहे. पण या इतिहासाचा दुसराहि बोध दृष्टीआड करून चालणार नाहीं. प्रत्येक काळीं हक्काबरोबर मुदत आलेली आहे. आजहि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी लागते. निकाल तीन महिन्यांत, व मालाची तपासणी लागल्यास पांच महिन्यांत द्यावा, असें कायदा म्हणतो खरा. पण प्रत्यक्षांत पुष्कळ तक्रारी वर्षानुवर्षें पडून राहतात, आणि स्वस्त व जलद न्यायासाठीं काढलेल्या दारांतच पुनः तारखांची रांग लागते. ती रांग मोडण्याचें काम शासनाचें आहे, आणि त्यासाठीं शासनाच्या मागें लागणें हें आपलें. तोंवर निदान इतकें तरी आपल्या हातीं आहे : पावती मागून घ्यावी, ती जपून ठेवावी, माल घरीं येतांच पाहावा, आणि दोष दिसल्यास भिडेखातर गप्प न बसतां त्याच दिवशीं दुकान गांठावें. याज्ञवल्क्यानें बियाण्याला दहा दिवस दिले, पण त्या दहा दिवसांत पेरून पाहण्याचें काम घेणाऱ्याकडेच ठेविलें होतें.