भाजल्यावर काय लावावे? सुश्रुत ते सोलापूर

गणेशोत्सव आला की आपल्या जामबागेत घरोघरी तळणाच्या कढया चढतात, आणि कुणाचा तरी हात भाजतोच. मग सल्ले सुरू होतात. कोणी कोरफड सांगतो, कोणी तूप, कोणी टूथपेस्ट. ‘आयुर्वेदातच आहे’ असेही आपण सांगून टाकतो. तर आयुर्वेदात आहे तरी काय, ते पाहू.

सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या १२व्या अध्यायात, औषधाच्या आधी परीक्षा येते. भाजण्याचे ४ प्रकार सांगितले आहेत. नुसता रंग पालटला तर प्लुष्ट, फोड व तीव्र आग असेल तर दुर्दग्ध, त्याहून पुढचे सम्यग्दग्ध, आणि मांस सुटून ज्वर, तहान, मूर्च्छा आली तर अतिदग्ध. प्रत्येकाचा उपचार वेगळा. सम्यग्दग्धावर वंशलोचन, प्लक्ष, रक्तचंदन, गेरू व गुळवेल यांचा तुपातला लेप. अतिदग्धात आधी सुटलेले मांस काढायचे, औषध नंतर. मेण, ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन व मूर्वा घालून सिद्ध केलेले तूप मात्र सर्व प्रकारच्या भाजलेल्या व्रणांवर सांगितले आहे.

कढईशी संबंधित गोष्ट तर फारच महत्त्वाची. तापलेला स्नेह सूक्ष्म शिरांतून आत शिरतो, म्हणून त्याने भाजल्यास वेदना अधिक होतात. अशा वेळी रूक्ष उपचार करावा, असे सुश्रुत सांगतो. म्हणजे तेलाने भाजलेल्या हातावर लगेच तूप चोपडणे हे आयुर्वेदाच्या नावावर, पण सुश्रुताच्या विरुद्ध!

परीक्षेची ही परंपरा आपल्या शेजारच्या सोलापुरात पुढे चालली. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी ५२ जणांवर मधाची आणि ५२ जणांवर सिल्व्हर सल्फाडायझिनची पट्टी वापरली. १५ दिवसांत मधाने ८७ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटात १० टक्के. हा अहवाल १९९१ साली इंग्लंडच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापून आला. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरून पाहिल्या. ही सर्व कामे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाली, हे विसरू नये.

सुश्रुताने प्लुष्टावर शेक सांगितला आहे. आजचे शास्त्र मात्र भाजल्याबरोबर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सांगते. तेव्हा पाणी आधी. फोड मोठे असतील, चेहरा वा सांधा भाजला असेल, किंवा मूल लहान असेल, तर काहीही न लावता थेट दवाखाना गाठावा. आपला खरा वारसा लेपात नाही, आधी जखम पाहण्यात आहे. तो जपू या.