चौथऱ्यावरचे इंजिन आणि चालते इंजिन : डिझेलचा वारसा कोणाच्या हाती?

वयाची चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ मध्ये या मार्गावर गाडी धावू लागली. हा इतिहास कोल्हापुरात पुष्कळांना ठाऊक असतो. १९७१ मध्ये मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज आले, हेही काहींना आठवते. परंतु त्यानंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत महालक्ष्मी आणि कोयना एक्स्प्रेस ज्यांनी पुण्यापासून घाट पार करून कोल्हापूरला आणल्या, त्या डिझेल इंजिनांचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. आता मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे आणि ती इंजिने झपाट्याने दिसेनाशी होत आहेत.

रेल्वेप्रेमी ज्यांना ‘एल्को’ म्हणतात, ती ही इंजिने. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचे हे वाण १९६२ मध्ये भारतात आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती आणि वेग घेताना निघणारा काळा धूर ही त्यांची ओळख. ‘डब्ल्यूडीएम-२’ या वर्गाची अडीच हजारांहून अधिक इंजिने बनली. गंमत अशी की १९६९ मध्ये मूळ कंपनी बंद पडली, तरी तिचे इंजिन वाराणसीत पुढे कित्येक वर्षे जन्म घेत राहिले.

निवृत्तीनंतर त्यांचे काय होते? एखादे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जाते, एखादे रंगरंगोटी होऊन चौथऱ्यावर चढते, काही परदेशी जातात आणि बाकीची भंगाराच्या लिलावात वजनावर विकली जातात. चौथऱ्यावरचे इंजिन डोळ्यांना दिसते, पण ते पुन्हा कधी सुरू होत नाही. पुतळा आणि माणूस यांत जेवढे अंतर, तेवढेच इथेही.

चालते इंजिन जपण्याची परंपरा पाहायची तर ब्रिटनकडे वळावे लागते, आणि तिची सुरुवात विद्यार्थ्यांपासून होते. लीड्स शहरातील मिडलटन रेल्वे ही १७५८ च्या संसदीय कायद्याने स्थापन झालेली कोळशाची वाट. १९६० मध्ये ती बंद पडण्याच्या बेतात असताना लीड्स विद्यापीठातील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी ती चालवायला घेतली. जून १९६० मध्ये स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली, ती ओढली १९३२ साली बनलेल्या ‘जॉन अल्कॉक’ या डिझेल इंजिनाने. (नावात ‘एल्को’चा भास होतो, संबंध काही नाही.) पुढे कित्येक वर्षे या हौशी मंडळींनी परिसरातील कारखान्यांचा मालही वाहिला. स्वयंसेवक म्हणजे रविवारची करमणूक, ही समजूत इथे टिकत नाही.

तरीही त्या काळी जिव्हाळा होता तो वाफेच्या इंजिनाचा. डिझेल हे त्याचा बळी घेणारे यंत्र मानले जाई. १९७३ मध्ये ‘डी-८२१ ग्रेहाउंड’ हे इंजिन काही उत्साही लोकांनी विकत घेतले, तेव्हा मुख्य मार्गावरील डिझेल इंजिन खाजगीरीत्या जतन होण्याची ब्रिटनमधील ती पहिलीच वेळ होती. ‘डेल्टिक’ इंजिनांची कथा आणखी बोधक आहे. एकूण बावीस इंजिने. प्रत्येकात दोन यंत्रे, प्रत्येक यंत्रात त्रिकोणी मांडणीचे अठरा सिलिंडर आणि छत्तीस पिस्टन. ही यंत्ररचना मूळ नौदलासाठी घडलेली. त्यांच्या जतनासाठीची संस्था १९७७ मध्ये, म्हणजे इंजिने अजून रोज धावत असतानाच स्थापन झाली. १९८२ च्या जानेवारीत शेवटची निरोपाची गाडी धावली आणि त्याच वर्षी संस्थेने दोन इंजिने विकत घेतली. आज बावीसपैकी सहा शिल्लक आहेत. निवृत्तीनंतर जागे झाले असते, तर हा आकडा कदाचित शून्याकडे गेला असता.

विकत घेणे हा सोपा भाग. वाफेच्या इंजिनाचा बहुतेक आजार डोळ्यांना दिसतो, आणि पत्रा व रिव्हेट यांची भाषा जाणणारा कारागीर तो दूर करू शकतो. डिझेलचा आजार आत असतो. इंजिन महिनोन्‌महिने उभे राहिले की सिलिंडर लायनरचे रबरी सील कडक होतात आणि थंड करणारे पाणी तेलात उतरते. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना इंजिन फिरवले, तर पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जाणकार स्वयंसेवक आधी कॉक उघडून इंजिन हाताने सावकाश फिरवतात, पाणी बाहेर पडते का ते पाहतात, आणि मगच बॅटरीला हात लावतात. जनरेटरच्या गुंडाळ्यांत ओल शिरली की इन्सुलेशन कमकुवत होते. ते मोजून, वाळवून घ्यावे लागते. कार्बन ब्रशची काळी धूळ पुसणे हे तर कधीच न संपणारे काम. इंधन पंपाच्या प्लंजरची तंदुरुस्ती मायक्रॉनमध्ये मोजली जाते. तिथे अंदाज चालत नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात गोठणरोधक न मिसळलेले पाणी इंजिनात राहिले, तर एका रात्रीत ब्लॉक तडकू शकतो.

यातले बरेच ज्ञान पुस्तकात असते. पण कोणता आवाज बेअरिंगचा आणि कोणता इंजेक्टरचा, हे जुन्या फिटरच्या कानात असते. ब्रिटिश संस्थांमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले कामगार आणि विशीतली मुले एकाच खड्ड्यात उतरून काम करतात, ते याचसाठी.

दुसरी अडचण सुट्या भागांची. कारखाना बंद पडलेला, साचे नष्ट झालेले. मग जुना भाग मोजून लाकडी पॅटर्न घडवायचा आणि एखादी फौंड्री दोन-चार नगांसाठी राजी करायची. इथे कोल्हापूरकर वाचकाला शिवाजी उद्यमनगर आठवल्याशिवाय राहणार नाही. उसाच्या चरकाला आणि विहिरीवरच्या पंपाला लागणाऱ्या ऑइल इंजिनांवर या गावाचे ओतकाम पोसले गेले. मोडलेला भाग समोर ठेवावा आणि तसाच दुसरा ओतून, लेथवर चढवून घ्यावा, ही इथली जुनी रीत. बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा याच गावात घडवला. तेव्हा हातांची उणीव इथे नाही.

उणीव आहे ती दाराची. ब्रिटिश रेल्वेही सरकारी होती; पण भंगारात निघालेले इंजिन ती हौशी संस्थांना विकत असे, आणि बंद पडलेले फाटे अशा संस्थांना चालवायला मिळत. भारतात रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिने चालू स्थितीत राखली गेली, ती रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांकडून. ते काम मोठेच आहे. परंतु अशा शेडचे आयुष्य अधिकाऱ्यांच्या बदल्यांवर आणि अंदाजपत्रकावर टांगलेले असते, आणि बाहेरच्या तरुणाला तिथे पाना हाती धरता येत नाही. एखादे एल्को इंजिन मिरजेच्या बाजूच्या रुळावर चालू ठेवायचे ठरलेच, तर पहिले काम कागदी आहे : लिलावाच्या यादीतून ते वगळणे. दुसरे काम त्याहून तातडीचे. या इंजिनांवर आयुष्य काढलेले फिटर आता साठी ओलांडत आहेत. त्यांच्याकडून इंजिन सुरू करण्याचा क्रम, आवाजांच्या खुणा आणि दुरुस्तीच्या युक्त्या टिपून घेणे. त्यासाठी वही आणि ध्वनिमुद्रणाचा मोबाइल पुरतो, परवानगी लागत नाही.