प्रतिसरकार आणि पत्री सरकार

शहरातील सुशिक्षित घरांत ‘पत्री’ हा शब्द बहुधा भाद्रपदात ऐकू येतो. हरतालिकेला व गणेशचतुर्थीला पूजेसाठी जी नानाविध झाडांची पाने आणावयाची, ती पत्री. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या मनात मात्र ह्या शब्दाने निराळेच चित्र उभे राहते. बैल खाली पाडून, त्याचे चारही पाय दोराने आवळून, खुरांच्या तळाशी लोखंडी पत्र्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकतात. त्यास पत्री मारणे म्हणतात. १९४३ साली सातारा जिल्ह्यात एक नवा राजकीय शब्द जन्मास आला, आणि वर्षा-दोन वर्षांत ह्या बैलाच्या पत्रीशी त्याची गाठ पडली. ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ झाले.

त्या वेळचा सातारा जिल्हा मोठा होता. १९४९ साली त्याचा दक्षिणेकडील भाग व काही संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. ज्या कुंडल गावाभोवती ही हकीकत फिरते, ते आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. १९४३ साली मात्र ते इंग्रजी मुलखात नव्हते. ते औंध संस्थानचे ठाणे होते आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधी तेथील अधिपती होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना उभारला तो ह्याच राजाच्या आश्रयाने, कुंडलच्या माळावर. ह्याच राजाने महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ च्या जानेवारीत आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली आणि गावचा पुष्कळसा कारभार व लहानसहान न्यायनिवाडा गावच्या पंचायतींकडे सोपविला. म्हणजे गावाचा तंटा गावातच तोडावयाचा, ही गोष्ट कुंडलच्या लोकांनी प्रतिसरकारच्या आधी चार वर्षे डोळ्यांनी पाहिलेली होती. पुढे जे घडले त्याचे श्रेय केवळ बंदुकीच्या धाडसास देणाऱ्यांनी ही चार वर्षे विसरू नयेत.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईस गवालिया टँकवर ठराव झाला आणि ‘चले जाव’ हे दोन शब्द देशभर गेले. सातारा जिल्ह्यातील लोक निःशस्त्र मोर्चे घेऊन मामलेदार कचेऱ्यांवर चालून गेले. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथे गोळीबार झाला. एकट्या वडुजास नऊ माणसे पडली. त्यांस ‘हुतात्मा’ म्हणू लागले, हाही तसा नवाच शब्द. तो घडविल्याचे श्रेय स्वातंत्र्यवीर सावरकरांकडे जाते. सावरकरांचा पक्ष बेचाळीसच्या चळवळीबाहेर राहिला होता. पण चळवळीत पडलेल्यांस गौरवावयास लोकांनी त्यांचाच शब्द उचलला. शब्द एकदा घराबाहेर पडला की तो कोणाच्या दारी जाईल ह्याचा नेम नसतो.

मोर्चे मोडले गेल्यावर उरलेले कार्यकर्ते लपून राहू लागले. त्यांच्यासाठी ‘भूमिगत’ हे विशेषण रूढ झाले. संस्कृताच्या हिशेबाने भूमिगत म्हणजे जमिनीत गेलेला, पुरलेला. ही माणसे तर रानात, उसाच्या फडात, वस्त्यांवरच्या गोठ्यांत आणि कित्येकदा चांगल्या वाड्यांच्या माडीवरही असत. पोलिसांच्या दृष्टीने ती जमिनीने गिळली होती, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. कुंडलसारख्या गावी संस्थानची हद्द त्यांच्या कामी आली, कारण इंग्रजी पोलिसांस तेथे आपल्या मुलखाइतके मोकळे रान नव्हते.

‘चले जाव’ ह्या शब्दांत समोरच्याने काय करावे ते सांगितले आहे. तो गेल्यावर मागे कारभार कोणी पाहावा, ह्याविषयी ते मुके आहेत. भूमिगतांस हा प्रश्न फार लवकर भेटला. जिल्ह्यातील सरकारी यंत्रणा राजकीय माणसांच्या पाठलागात गुंतली, आणि त्या संधीचा फायदा दरोडेखोरांनी व गावगुंडांनी घेतला. लोक भूमिगतांना भाकरी देत होते. आता ते त्यांच्याकडे संरक्षण मागू लागले. १९४३ साली नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे नाव धारण केले, ते ह्या मागणीचे उत्तर होते.

नावाची घडण पाहण्याजोगी आहे. ‘सरकार’ हा फारसी शब्द; मराठीत तो राज्यसत्तेसही लावतात आणि धन्यासही. त्याला जोडलेला ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग दुतोंडी आहे. प्रतिपक्ष, प्रतिकार ह्या शब्दांत तो विरोध दाखवितो. प्रतिनिधी, प्रतिबिंब ह्यांत तो बदली किंवा सारखेपणा दाखवितो. नेताजी पालकरांस प्रतिशिवाजी म्हणत, ते काही शिवाजी महाराजांचे विरोधक म्हणून नव्हे! तेव्हा प्रतिसरकार म्हणजे सरकारविरुद्ध उभे राहिलेले, आणि सरकारच्या जागी उभे राहिलेलेही. पहिला अर्थ पाळणे धाडसी तरुणांस अवघड नव्हते. ७ जून १९४३ रोजी पुणे-मिरज मार्गावर शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम लुटण्यात आली, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी दूर खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना पळविण्यात आला. खरी परीक्षा दुसऱ्या अर्थाची होती. सरकार म्हणवून घेतले की बांधाचे भांडण, सावकाराचा कागद, टाकून दिलेली बायको, दारूची भट्टी, सगळेच दारात येऊन उभे राहते.

त्यासाठी गावोगाव न्यायदान मंडळे निघाली. वकील नाही, स्टँप नाही, तारखांवर तारखा नाहीत. गावासमोर दोन्ही बाजू ऐकावयाच्या आणि निकाल द्यावयाचा. लग्नातील कर्ज ही शेतकऱ्याची जुनी दुखणी. त्यावर ‘गांधी विवाह’ निघाला. हुंडा, मानपान, जेवणावळी ह्यांस फाटा देऊन सर्वांसमक्ष हार घालावयाचे, की लग्न झाले. गांधर्व विवाहाशी ह्या नावाचे कानाला साम्य आहे, परंतु तो चोरून करावयाचा आणि हा चारचौघांत.

कुंडलास तरुणांची ‘तुफान सेना’ उभी राहिली. जी. डी. ऊर्फ बापू लाड हे तिचे फील्ड मार्शल आणि रामचंद्र लाड हे कॅप्टन. तुफान हा शब्द परका, सेना संस्कृत, पदव्या इंग्रजी. भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांस हे नाव ऐकून खचितच घेरी आली असती. सावरकरांनी दिनांक, महापौर असे कितीतरी नेटके शब्द मराठीस दिले व ते टिकले. कृष्णाकाठी मात्र शब्दाचे कूळ पाहण्यास कोणास सवड नव्हती. बंगालमध्ये त्याच सुमारास, १७ डिसेंबर १९४२ रोजी, तामलुक भागात ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ स्थापन झाले, आणि त्याच्या दलाचे नाव होते ‘विद्युत् वाहिनी’. एकाने वीज घेतली, दुसऱ्याने वादळ! ते बंगाली सरकार १९४४ साली विसर्जित झाले. साताऱ्याचे १९४६ पर्यंत चालले.

आता पुन्हा पत्रीकडे. ‘प्रति’ हे जोडाक्षर खेड्यातील जिभेस जड. नुकसानाचे ‘नुस्कान’ आणि मतलबाचे ‘मतबल’ करणारी ही बोली. तिने रकाराची जागा बदलली, एवढे भाषाशास्त्र सांगता येईल. पण ते सारे सांगून होत नाही. प्रतिसरकारची शिक्षा पोलिसांच्या बातमीदारास आणि गुंडास पुष्कळदा तळपायांवर काठीचे फटके अशी असे. फटके खाल्लेला माणूस कित्येक दिवस पाय टेकू शकत नसे. बैलाच्या खुराशी ह्याचे साम्य गावाने तत्काळ ओळखले, आणि खरोखरच पायांना पत्रे ठोकल्याच्या कथा गावोगाव सांगितल्या जाऊ लागल्या. विरोधकांनी तेच नाव बदनामीसाठी उचलले. चळवळीतील पुष्कळांस ते आवडत नसे. आपल्या चार वर्षांच्या कामातून लोकांनी नेमका दंडाच लक्षात ठेवला, असे त्यांस वाटणे स्वाभाविक होते.

ही तक्रार पुरती मान्य करता येत नाही. ज्या विधवेचे शेत न्यायदान मंडळाने सोडवून दिले असेल, तीही पत्री सरकारच म्हणत असणार, आणि तिच्या तोंडी त्या शब्दास धाक नसून आधार असणार. दुसरीकडे, घाईने झालेल्या एखाद्या निवाड्यात ज्याने विनाकारण मार खाल्ला असेल, त्याच्यावर अपील ऐकणारे वरचे कोर्ट नव्हते. दोघेही त्याच सरकारचे प्रजाजन. प्रतिसरकार हे नाव चालविणाऱ्यांनी घेतलेले. पत्री सरकार हे नाव ज्यांच्यावर ते चालले त्यांनी दिलेले. इंग्रजांच्या कारभारालाही त्याच्या प्रजेने दिलेली नावे कागदोपत्री कोठे सापडतात?

१९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले, भूमिगत उघडपणे वावरू लागले, आणि प्रतिसरकारचे काम संपले. नाना पाटलांस लोकांनी ‘क्रांतिसिंह’ केले. १९५७ साली सातारकरांनी त्यांस लोकसभेत धाडले. कुंडलास पुढे सहकारी साखर कारखाना निघाला, त्याच्या नावात ‘क्रांती’ आहे. वाळव्याच्या कारखान्याच्या नावात ‘हुतात्मा’ आहे, तो १९४५ च्या फेब्रुवारीत मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी लढताना पडलेल्या किसन अहिरांचा. इतिहासाची पुस्तके, सरकारी कागद व स्मारकांच्या शिळा ‘प्रतिसरकार’ लिहितात. पलूस-वाळव्याच्या बाजारात एखादा म्हातारा शेतकरी ती हकीकत सांगू लागला, तर तो ‘पत्री सरकार’ म्हणतो, आणि ऐकणारा नातू नकळत आपल्या तळपायांकडे पाहतो.